प्राक्कलन, अंदाजपत्रक की परिव्यय?

प्रश्न : नवजात बालकांचे मृत्यू रोखण्याच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव मराठीत लिहिते आहे. किती पैसे लागतील, या भागाला 'अंदाजपत्रक' असं शीर्षक दिलं होतं. सहकारी म्हणतात, 'प्राक्कलन' हवं. दोन्ही एकच ना?

प्रतिसाद १ : एकच नाहीत. काम सुरू होण्याआधी दर आणि परिमाण मांडून काढतात ते प्राक्कलन, म्हणजे बांधकामवाल्यांचं इस्टिमेट. 'आगणन'ही चालतं. अंदाजपत्रकात जमेची बाजूही असते आणि त्याला मुदत असते, बहुधा वर्षाची. कामाच्या इस्टिमेटलाही सर्रास अंदाजपत्रक म्हणतात, गोंधळ तिथूनच होतो. निधी कुठून येणार हेही मांडत असाल तर तुमचं शीर्षक बरोबर आहे.

प्रतिसाद २ : 'खर्च' आणि 'परिव्यय' यांतला फरकही पाहा. माझ्या मते तुमच्या प्रस्तावात तोच जास्त महत्त्वाचा आहे. खर्च म्हणजे हातातून गेलेला पैसा. परिव्ययात वापरल्या गेलेल्या प्रत्येक गोष्टीचं मोल धरतात. गावातली बाई मानधन न घेता घरोघर बाळं तपासत असेल, तर खर्च शून्य, परिव्यय मात्र आहे. तिचा वेळ फुकट धरून केलेलं प्राक्कलन दुसऱ्या जिल्ह्यात कोसळतं, आणि तिच्यावर अन्यायही करतं.

प्रश्नकर्ती : आणि 'दर बाळामागे खर्च' लिहिलं तर पुरे?

प्रतिसाद २ : नाही. 'मागे' कशाच्या, ते प्रत्येक वेळी लिहा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली. त्या सेवेचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर होता, आणि दर १८ बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. गुणाकार केला की टळलेल्या मृत्यूमागे साधारण ९५ डॉलर येतात. दोन्ही आकडे खरे, पण नुसतं 'दरडोई खर्च' लिहिलं तर वाचणाऱ्याला यांतला कोणता ते कळणार नाही. शिवाय 'दरडोई'त गावची सगळी लोकसंख्या येते, म्हणजे तो तिसराच आकडा.

प्रतिसाद १ : 'वाचलेला खर्च' हा प्रयोगही टाळा. 'उरलेला पैसा' असा अर्थ लागतो. रुग्णालयात भरती न झाल्यामुळे जो खर्च झालाच नाही, त्याला 'टळलेला खर्च' म्हणा.

प्रश्नकर्ती : शीर्षक 'प्राक्कलन' करते, आणि सेविकांच्या वेळेसाठी परिव्ययाचा वेगळा रकाना घालते.