दापोलीला जाताय तर 'तुंबाडचे खोत'ही घ्या

इथल्या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की दापोली-हर्णैला जायच्या आधी श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी वाचली की पुरे. वाचाच, त्यात वादच नाही. पण पेंडशांचं एकच वाचायचं असेल तर माझं मत 'तुंबाडचे खोत'ला. दोन जाडजूड खंड आहेत, त्यामुळे गाडीत वाचू म्हणाल तर होणार नाही, महिनाभर आधीच सुरुवात करा. मुंबई-गोवा महामार्गावर खेडजवळ भरणे नाक्याला जो पूल लागतो त्याच्याखालची जगबुडी म्हणजे या कादंबरीतली नदी. एरवी तिथे आपण चहा कुठे प्यायचा एवढंच बघतो.

इथे अजून कुणी खोतीबद्दल लिहिलं नाही म्हणून हे. खोत म्हणजे नुसतं आडनाव समजून वाचलं तर अर्धी कादंबरी हातातून निसटते. गावाचा शेतसारा वसूल करून सरकारात भरणारा, आणि कुळांकडून भाताचा वाटा घेणारा तो खोत. आंबेडकरांनी ही पद्धत मोडायचं विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं होतं, कायदा झाला १९४९ मध्ये. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजोबांना मी याबद्दल विचारलं, तर तोवर फक्त सोलकढी हवी का एवढंच बोलणारे आजोबा जेवणं झाल्यावर पडवीत तासभर बोलत बसले. कोणाची जमीन कुळकायद्यात गेली, कोण अजून कोर्टात आहे, सगळं.

जाताच आहात तर अंजर्ल्याहून पुढे मुर्डीलाही जा, पेंडशांचं जन्मगाव. रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर जपून.