होल्डन किरकिरा वाटतो तेव्हा

‘द कॅचर इन द राय’ (१९५१) ही कादंबरी वर्गात शिकवताना एक तक्रार येते: ‘मुलांना तिचा निवेदक होल्डन नुसता किरकिरा वाटतो, दुसऱ्या प्रकरणातच कंटाळतात.’ कादंबरी क्रमाने वाचायला दिली की हे होणारच, कारण धाकट्या भावाच्या, ॲलीच्या मृत्यूबद्दल तो थेट पाचव्या प्रकरणात बोलतो. तेवढा उतारा आधी मोठ्याने वाचून दाखवा: बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने लिहिलेल्या कविता, ॲली गेला त्या रात्री होल्डनने मुठीने फोडलेल्या गॅरेजच्या काचा. मग पहिलं प्रकरण घ्या. रहस्य फुटेल ही भीती नको, ही कादंबरी रहस्यावर चालतच नाही.

वहीत दोन रकाने आखायला लावा, तो म्हणतो काय आणि करतो काय. पहिल्या प्रकरणात सिनेमाचा तिटकारा, अठराव्यात स्वतःच थिएटरात! त्याला एखाद्या आजाराचं नाव मात्र देऊ देऊ नका. मुलं तिथेच वाचायचं थांबतात.