'डिजिटल सेल्फ-हार्म'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: पालकांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. मुलं खोट्या नावाने खातं उघडतात आणि स्वतःबद्दलच घाणेरडं लिहितात, त्याविषयी आहे. मी 'ऑनलाइन आत्मघात' लिहिलं, तर समुपदेशक बाईंनी त्यावर काट मारली. म्हणे, घरचे हे वाचून थेट आत्महत्येवर पोचतील. दुसरा शब्द सुचवा, उद्या द्यायचंय.

जुना कोशवाला: बाई बरोबर आहेत. 'आत्मपीडन' घ्या.

अर्धविराम: त्याला 'पीडेत सुख मिळवणं' असा वास येतो. या मुलांना कसलं सुख?

काठावरचा: मग 'आत्मक्लेश'?

तळटीप: तो शब्द पुढाऱ्यांनी उपोषणाला बसून संपवला. सरळ 'स्वतःला इजा' म्हणा.

जुना कोशवाला: इजा अरबीतून आलाय.

तळटीप: जखम फारसीतून. म्हणून कुणाचं दुखायचं थांबलंय का?

काठावरचा: इजा म्हणजे इजा-बिजा-तिजामधलाच ना? एकदा झालं की पुन्हा होतं, असं काहीतरी?

जुना कोशवाला: अहो, ती मोजणी! 'द्वितीय, तृतीय'च्या घरातली. याचा काही संबंध नाही.

खडूफळा: आमच्या शाळेत एका मुलाला रोज निनावी शिव्या येत. आम्ही तीन दिवस गुन्हेगार शोधत होतो. निघाला तोच. शिक्षकखोलीत एकच शब्द फिरला, 'नाटक'. मी त्याला "का केलंस?" विचारलं, तो गप्प. बऱ्याच दिवसांनी आपणहून म्हणाला, "माझ्या बाजूने कोण बोलतंय ते बघायचं होतं." कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण 'लक्ष वेधण्यासाठी' एवढं पत्रकात नको. आणि लगेच फोन काढून घ्या, असंही नको.

अर्धविराम: ते वाक्य आहे पत्रकात. काढते.

तळटीप: मूळ शब्दप्रयोग समाजमाध्यमांच्या अमेरिकी अभ्यासक डाना बॉइड यांच्या 2010 च्या लेखातला. पुढे 2017 मध्ये अमेरिकेतल्या 12 ते 17 वयाच्या मुलांची पाहणी छापून आली, त्यात सुमारे 6 टक्क्यांनी असं केल्याचं सांगितलं. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच. म्हणून शब्द हळवा, मुलींपुरता वाटेल असाही नको.

काठावरचा: 'आभासी इजा' कसं वाटतं?

खडूफळा: खातं आभासी होतं. इजा नव्हती.

जुना कोशवाला: मग 'आंतरजालीय स्व-इजा'. नाइलाजाने इजा चालवून घेतो.

तळटीप: 'आंतरजालीय' कुठला पालक म्हणतो?

जुना कोशवाला: म्हटल्याशिवाय रुळणार कसा? 'दूरध्वनी'लाही हसले होते लोक.

काठावरचा: अजून हसतात.

अर्धविराम: मंडळी, पत्रक उद्या आहे.

जुना कोशवाला: 'दूरध्वनी'वर वेगळा धागा काढतो.