अकाउंटेबिलिटी : जबाबदारी, उत्तरदायित्व की आणखी काही?

अनुस्वार
केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेवरचा एक लेख मराठीत करते आहे. घटनेच्या कलम १० मध्ये राष्ट्रीय मूल्ये दिली आहेत. गुड गव्हर्नन्स, इंटेग्रिटी, ट्रान्सपरन्सी आणि अकाउंटेबिलिटी ही एका उपकलमात आणि लगेच पुढच्यात सस्टेनेबल डेव्हलपमेंट. सुशासन, सचोटी, पारदर्शकता इथवर अडले नाही. अकाउंटेबिलिटीला मी 'उत्तरदायित्व' लिहिले, तर संपादकांनी खोडून 'जबाबदारी' केले. पण दोन परिच्छेद पुढे रिस्पॉन्सिबिलिटी आहे, तिथेही जबाबदारीच! वाचणाऱ्याला फरक कसा कळणार?

शिरोरेखा
उत्तरदायित्वच ठेवा. 'जबाबदेही' मात्र नको, ती सरळ हिंदीतून उचललेली आहे. हल्ली वर्तमानपत्रांत बोकाळली आहे.

हिशेबनीस
उत्तरदायित्व तरी कुठे मराठी बोलण्यात आहे? मी जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षणात नोकरी केली. तिथे ग्रामसेवकाला कोणी 'तुमचे उत्तरदायित्व काय' असे विचारले नाही. 'हिशेब द्या' म्हणायचे, आणि पुढे गेले तर 'जाब द्या'. जबाबदारी अंगावर घेता येते, जाब मात्र दुसऱ्याने विचारावा लागतो. अकाउंटेबिलिटीचा जीव त्या विचारणाऱ्यात आहे.

युगांडाचे उदाहरण घ्या. १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळायच्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते, असे तिथल्या पाहणीत निघाले. बाकीचे वाटेत जिल्हा कचेऱ्यांत मुरत होते. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळेच्या भिंतीवर रक्कम लावायला सांगितली. काही वर्षांत पोचणारा वाटा कितीतरी वाढला. श्रेय एकट्या वर्तमानपत्रांचे किती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण पालकांना आकडा कळला म्हणून त्यांना विचारता आले, हे मला पटते. अधिकाऱ्यांवर जबाबदारी आधीपासून होतीच की!

नैरोबीकर
केनियात बोलल्या जाणाऱ्या स्वाहिली भाषेत अकाउंटेबिलिटीला 'उवाजिबिकाजी' म्हणतात. मूळ 'वाजिबू', म्हणजे कर्तव्य. तो अरबी 'वाजिब'. आपला 'वाजबी', 'वाजवी' त्याच घरचा. तेव्हा अरबी मुळाचा 'जबाब' बाटगा म्हणून बाजूला सारू नये. सरकारलाही तिथे 'सेरिकाली' म्हणतात, तो फारसीतून आला, आपल्या 'सरकार'सारखाच.

शिरोरेखा
मी बाटगा म्हटलेले नाही. आणि एक मूळ म्हणजे एक अर्थ नव्हे. वाजवी आज आपल्याकडे भावाला लागते, कर्तव्याला नाही. व्युत्पत्ती वाचायला छान, पण अनुवाद तिच्यावर चालत नाही. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणे लागणारा. अर्थ शब्दातच आहे, रुळायला वेळ द्या. 'पारदर्शकता' तरी एके काळी कुठे बोलण्यात होती?

मुक्काम पोस्ट
रवांडात 'इमिहिगो' आहे. जिल्ह्याचे महापौर वर्षभराची उद्दिष्टे लिहून राष्ट्राध्यक्षांसमोर करार करतात, वर्षाअखेर गुण दिले जातात. २००६ पासून चालू आहे. मूळ प्रथा योद्ध्याने चारचौघांत पराक्रमाची प्रतिज्ञा करायची, आपल्याकडचा विडा उचलणे आठवते. पण विडा राजापुढे उचलला, तर जाबही राजालाच द्यायचा. गावातल्या माणसाने विचारायचे कुठे? हिशेबनीस म्हणतात तो विचारणारा कोण, हे शब्दात यायला हवे. मी 'लोकांप्रति उत्तरदायित्व' असे पूर्ण लिहीन.

नैरोबीकर
केनियात विचारणारे रस्त्यावर आले होते. २५ जून २०२४ ला वित्त विधेयकाविरुद्ध तरुण थेट संसदेत घुसले, गोळीबारात माणसे गेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असे जाहीर केले. त्याच्या आदल्या वर्षीचा वित्त कायदा अपील न्यायालयाने लोकसहभाग पुरेसा झाला नाही म्हणून घटनाबाह्य ठरवला होता, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा कलम १० ही शोभेची यादी नाही, तिच्यावर खटले चालतात. अनुवादात शब्द सैल ठेवू नका.

अनुस्वार
म्हणूनच विचारते आहे. आणि सस्टेनेबलला 'शाश्वत'च लिहू ना?

हिशेबनीस
माझ्या मते नको. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारे, गीतेतला आत्मा शाश्वत. इथे तर जंगल, पाणी, जमीन संपू शकते म्हणून जपून वापरायचे आहे. कोकणात आजी तांदूळ 'पुरवून वापरा' म्हणायची, तो अर्थ जवळचा.

शिरोरेखा
'शाश्वत विकास' शासकीय कागदांत, पाठ्यपुस्तकांत पक्का बसला आहे. आता तो उपटून 'पुरवता विकास' लिहाल? एकीकडे रूढ शब्द वापरा म्हणायचे आणि दुसरीकडे रूढच नाकारायचा.

हिशेबनीस
कागदात बसणे म्हणजे रूढ होणे नव्हे, एवढेच माझे म्हणणे.

नैरोबीकर
स्वाहिलीत 'माएंदेलेओ एंदेलेवू'. दोन्ही शब्द 'एंदेलेआ', म्हणजे पुढे चालत राहणे, या एकाच क्रियापदापासून. विकास म्हणजे चालणे आणि टिकणे म्हणजे चालत राहणे. मराठीत असे जमले तर मला फार आवडेल.

मुक्काम पोस्ट
अनुस्वार, त्या लेखात काउंटी, म्हणजे केनियाचे प्रशासकीय विभाग, आणि त्यांचे प्रमुख गव्हर्नर असतीलच. तिथे ४७ काउंट्या आहेत, देशाच्या महसुलाचा निदान १५ टक्के वाटा त्यांना द्यावा असे घटनाच सांगते. काउंटीला 'जिल्हा' लिहिलेत, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जिल्हाधिकारी येईल. आणि गव्हर्नरला 'राज्यपाल' तर अजिबात नको. आपला राज्यपाल नेमलेला असतो, केनियाचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला.

शिरोरेखा
मग 'प्रांतपाल'?

नैरोबीकर
प्रांत नको! २०१० च्या आधी तिथे आठ प्रांत होते, त्यांच्यावर नैरोबीहून नेमलेले कमिशनर बसत. नव्या घटनेने नेमकी तीच व्यवस्था मोडली. गव्हर्नर तसाच ठेवा.