हाऊसफुल्लच्या पाटीखाली: आयत्या वेळच्या तिकिटाचे अनुभव

कृष्णकमळ
रविवारी एका नाटकाची तिकिटं काढायची होती. लेकीने फोनवर बघून सांगितलं, "आई, संपली गं. सगळे चौकोन राखाडी झालेत." मी बरं म्हणून मेथी निवडायला बसले. तेवढ्यात आईचा रोजचा फोन आला. आई आता ८४ वर्षांची आहे. तिला म्हटलं, तिकीट नाही मिळालं. तर म्हणाली, "नाही मिळालं म्हणतेस, पण तू तिथे गेलीस कुठे?"

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा.

१९९१ साली 'चारचौघी' रंगभूमीवर आलं, तेव्हा मी बारावीत होते. आई नि तिच्या तीन मुलींचं नाटक, एवढंच माहीत होतं. आई ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली. डोंबिवलीहून दादरला शिवाजी मंदिरला पोहोचतो तर खिडकीशेजारी हाऊसफुल्लची पाटी. मी लगेच मागे वळले. आईने माझा दंड धरला. "पाटी लागली म्हणजे पाटी लागली. घंटा कुठे झालीय?" आमच्यासारखे सात-आठजण आधीच जिन्यापाशी उभे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष, किती तिकिटं नि किती माणसं.

पहिली घंटा झाली. एक गृहस्थ धावतपळत आले, हातात चार तिकिटं आणि सोबत फक्त बायको. त्यांचे पाहुणे कर्जतलाच अडकले होते, गाड्या बंद. एक तिकीट आमच्या पुढच्या काकांनी घेतलं, एक आईने. आई म्हणाली, तू जा. मी म्हटलं, तू जा. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "बाल्कनी, शेवटची रांग, एकच आहे." सुटे पैसे आईने आधीच मुठीत धरून ठेवले होते.

वरून मला आईचं फक्त डोकं दिसत होतं. चौथ्या रांगेत, कडेची खुर्ची. पूर्ण नाटकभर ती हलली नाही. आमच्या घरात तेव्हा जे चाललं होतं, त्याबद्दल ती आम्हा दोघी बहिणींशी कधी बोलली नव्हती. त्या रात्री गाडीत बसल्यावर बोलायला लागली, ती डोंबिवली येईपर्यंत बोलत होती.

२०२२ मध्ये नव्या संचात ते नाटक परत आलं, तेव्हा लेकीला घेऊन गेले. फोनवर तिकिटं काढली, छान पुढच्या खुर्च्या. प्रयोग उत्तम झाला. पण जिन्यापाशी उभं राहायला मिळालं नाही.

तुमचे अनुभव लिहा. नाटक, गाणं, काहीही. उभे राहिलात का? मिळालं का?

तलावपाळी
ठाण्याचं गडकरी रंगायतन! सकाळी खिडकी उघडायच्या आधी दादा मला रांगेत उभं करून तलावाला फेरी मारायला जायचा. माझा नंबर आला की खिडकीतले काका प्लॅन पुढे सरकवायचे. छापील नकाशा, विकलेल्या खुर्च्यांवर लाल पेन्सिलीच्या फुल्या. "बोल बाळा, कुठलं देऊ?" नकाशा त्यांच्या बाजूने सरळ, माझ्या बाजूने उलटा. उलटा प्लॅन वाचायला मी तिसरीत शिकले. आजही कुठल्याही नाट्यगृहात गेले की आधी मधली वाट शोधते आणि तिच्या कडेची खुर्ची मागते.

मीठभाकर
आई ग्रेट आहे तुझी. बाकी संध्याकाळी लिहिते, कुकर लावलाय.

सदाशिव
पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्याची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. तिची अंतिम फेरी, भरत नाट्य मंदिर. १९६३ पासून चालू आहे स्पर्धा, पण त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाला वाटतं की ती आपल्याच वर्षी सुरू झाली. आमचं कॉलेज फायनलला होतं आणि आमच्याच गँगला तिकिटं नव्हती. पहाटेपासून उभे होतो. आमच्या मागे आमच्या विरुद्ध कॉलेजची मुलं. आधी घोषणायुद्ध, अरे आव्वाज कुणाचा वगैरे, घसे बसेपर्यंत. आठ वाजता त्यांच्यातल्या एकीने इडल्यांचा डबा काढला आणि आमच्या सात जणांना पण दिल्या. अकरापर्यंत आम्ही एकमेकांच्या एकांकिकांवर भांडत होतो, पण मनापासून. लेखनात काय कमी आहे, कुठला नट कुठे पडतो. तिथे नेपथ्य-प्रकाशाच्या झगमगाटाला गुण नाहीत, त्यामुळे चर्चा थेट संहितेवर आणि अभिनयावर. मला नाटकातलं जे थोडंफार कळतं ते त्या रांगेत कळलं.
तिकिटं आम्हाला चार मिळाली. सात जण होतो. चिठ्ठ्या टाकल्या. माझी आली नाही. बाहेर थांबलो आणि दाराच्या फटीतून टाळ्या मोजल्या.

कृष्णकमळ
@सदाशिव, मग करंडक कुणाला मिळाला??

सदाशिव
इडलीवाल्यांना. आणि ते योग्यच होतं.

मीठभाकर
आले. शिवाजी मंदिरचा बटाटेवडा कुणी काढला नाही अजून? रांगेत निम्मं बळ त्या वासावर टिकायचं.

पर्वती
वडा म्हणजे पुण्याच्या बालगंधर्वचा. १९६८ साली पुलंच्या देखरेखीखाली उभं राहिलेलं थिएटर, तिथला वडा कसा मागे राहील.

मीठभाकर
पुलं वड्याकडे पण बघत होते का?

पर्वती
पुलं होते. नक्कीच बघत असणार.

खिडकीच्या आतून
सर्वांना नमस्कार. मी उपनगरातल्या एका नाट्यगृहात बुकिंगच्या खिडकीवर २६ वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे बाहेरच्या बाजूने लिहिताय, म्हणून आतलं सांगतो.

पाटी लावल्यावरही आमच्या ड्रॉवरमध्ये काही तिकिटं असायची. यात लबाडी काही नव्हती. काही खुर्च्या निर्मात्याच्या पाहुण्यांसाठी, काही कलाकारांच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या, काही फोनवरून 'ठेवा हो' म्हणून सांगितलेल्या. ही माणसं येतील की नाही हे घंटा होईपर्यंत कळत नाही. व्यवस्थापक आतून येऊन "सोडा" म्हणाला की मगच आम्ही सोडायचो. म्हणजे आयत्या वेळी तिकीट मिळणं हे नशीब खरंच, पण त्या नशिबाला एक वेळ ठरलेली असते. पहिली ते दुसरी घंटा. त्या पाच-सात मिनिटांत जो खिडकीपाशी उभा, त्याचं तिकीट. चहा प्यायला गेलेल्यांची कितीतरी तिकिटं मी दुसऱ्यांना दिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

पावसाळ्यात हे जास्त. गाड्या बंद पडल्या की अर्धी बाल्कनी रिकामी, आणि चालत येणारे जवळपासचे लोक खूश.

एक आजोबा यायचे. कधीच आगाऊ तिकीट काढलं नाही. कोपऱ्यात छत्रीवर हात ठेवून उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. मला त्यांची इतकी सवय झाली की पाटी लावताना मी आधी तो कोपरा बघायचो. एकदा सलग तीन प्रयोग त्यांना तिकीट मिळालं नाही. तिसऱ्या वेळी मी बाहेर जाऊन म्हटलं, "काका, पुढच्या रविवारचं आत्ताच काढून देतो." म्हणाले, "नको. रविवारी मी असेन की नाही, हे आज कसं सांगू? आज आहे, म्हणून आज आलो." मला काही उत्तर सुचलं नाही. त्यानंतरही ते दोन वर्षं येत होते.

तलावपाळी
काका 🙏 वाचून नुसती बसून राहिले. तुमच्यासारख्यांनीच मला उलटा प्लॅन वाचायला शिकवलं.

पर्वती
पहिली ते दुसरी घंटा. लिहून ठेवलं.

गोदाकाठ
आमच्याकडं तालुक्याला नाट्यगृहच नव्हतं, कॉलेजच्या मैदानात मांडव घालायचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आलं तेव्हा आख्खा गाव लोटला. एकटे लक्ष्मण देशपांडे ५२ पात्रं करायचे. आमच्या वडलांना खरंच वाटत नव्हतं, एक माणूस एवढे कसा होईल. तिकिटं दुपारीच संपली. वडील रांगेतून हलेनात. शेवटी आयोजकांनी शाळेतले बाक आणून मागं टाकले, तेव्हा आत घेतलं. वडील परत येताना रस्ताभर मोजत होते. घरी येईस्तोवर चाळीसच्या पुढं गेले आणि तिथं अडकले. दुसऱ्या दिवशी शेतात पण तेच.

मीठभाकर
चाळीस बोटांवर मोजले म्हणजे कमालच. बाबा आहेत का अजून?

गोदाकाठ
नाहीत. चार वर्षं झाली.

मीठभाकर
ओह. त्यांना नमस्कार.

रंकाळा
कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या दारात किती वेळा उभा राहिलो, मोजदाद नाही. राजर्षी शाहूंनी १९१५ ला बांधलेलं. मोठं नाटक आलं की पार शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूपर्यंत माणसं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं, ते पण केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही रस्त्यावर उभे होतो, शेकडो माणसं. कोण कुणाशी बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारा म्हणाला, "इथंच उभा असायचो रे तिकिटाला." एवढंच. दोघं पण रडलो.

कृष्णकमळ
रंकाळा, काय लिहू. टीव्हीवर बघताना सुद्धा हात गार पडले होते.

पर्वती
❤️

शीव
चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा, रात्रभर चालणारी. २५ जानेवारीची रात्र. ज्यांना माहीत आहे त्यांना एवढं पुरे. आम्ही दर वर्षी जायचो. एकदा मैत्रिणीकडे एकच तिकीट जास्तीचं होतं आणि आम्ही दोघी. रात्रभर पाळी लावली. एक एकांकिका ती, एक मी. बाहेर असलेलीने चहा घेऊन दारापाशी थांबायचं आणि आतलीने येऊन दोन मिनिटांत सगळी गोष्ट सांगायची. पहाटे बाहेर पडलो तेव्हा मला अर्ध्या एकांकिका पाहून आणि अर्ध्या तिच्या तोंडून कळल्या होत्या. खरं सांगते, तिने सांगितलेल्या जास्त लक्षात आहेत. तशाच जागरणाच्या डोळ्यांनी शाळेत झेंडावंदनाला गेलो, ती आणि मी दोघी शिक्षिका.

मुळा-मुठा
नाटक नाही पण पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव चालेल ना. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. माझे कॉलेजचे दिवस, रमणबागेचा मंडप, खिशात काही नाही. फाटकाबाहेर शाल गुंडाळून बसायचो, आवाज बाहेर येतोच. रात्री दहाच्या पुढे लहान मुलंवाले, लांब राहणारे निघायला लागतात. एक बाई थांबल्या, पास माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "आमचा बसायचा जोर संपला, तुम्ही ऐका." नाव विचारायच्या आत रिक्षात बसून गेल्या. भारतीय बैठकीत त्यांचीच सतरंजीवरची जागा अजून गरम होती. त्यानंतर गेली वीस वर्षं मी निघताना माझा पास फाटकाबाहेरच्या कुणालातरी देऊन निघतो. नियमात बसतं का, माहीत नाही.

खिडकीच्या आतून
बसत नाही. पण द्या.

घाटकोपर पूर्व
माझा अनुभव चांगला नाही. पाटी लागलेली, एकाने कडेला घेऊन दुप्पट भावात दोन तिकिटं दिली. बायकोचा वाढदिवस होता. दारावर कळलं, आदल्या आठवड्याची तारीख. मी तारीख वाचलीच नव्हती. बायको म्हणाली चल, चौपाटीवर जाऊ. गेलो, पण मला राग नाटक बुडाल्याचा नव्हता. तिने तीन दिवसांपासून साडी काढून ठेवली होती, त्याचा होता. बाहेरच्या माणसाकडून तिकीट घेताना आधी तारीख वाचा, मग प्रयोगाची वेळ, मग रांग आणि खुर्ची. पैसे त्यानंतर.

शीव
अरेरे. साडीचं वाचून फारच वाईट वाटलं. परत गेलात का त्या नाटकाला?

घाटकोपर पूर्व
गेलो. तीच साडी.

थेम्सकाठ
लंडनमधून. इथे उन्हाळ्यात अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात, खाली मधोमध उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं असतात आणि ती त्याच दिवशी मिळतात. नवीन आले होते तेव्हा फोनवर काढायची सोय नव्हती, पायऱ्यांवर रांग. कुणाला ओळखत नव्हते, नोकरी नव्हती, नवरा दिवसभर कामावर. मी डब्यात थालीपीठ घेऊन दुपारपासून बसायचे. पुढच्या आजी रोजच्या, विणकाम घेऊन यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. परदेशात मला ओळखणारं पहिलं माणूस ते. सुरांमधलं मला फार कळत नव्हतं तेव्हा. त्या कुठे डोळे मिटतात ते बघून मी ऐकायला शिकले.

तलावपाळी
थालीपीठ खाल्लं का आजींनी?

थेम्सकाठ
पहिल्यांदा कोपरा. नंतर रेसिपी लिहून घेतली. भाजणी मी करून द्यायचे.

मीठभाकर
भाजणीत मेथीदाणे घालता का तुम्ही? माझी कडू होते.

थेम्सकाठ
अगदी चमचाभर, आणि वेगळे भाजून. सगळ्यांबरोबर भाजले तर करपतात.

कृष्णकमळ
भाजणीचा वेगळा धागा काढा गं कुणीतरी 😀

सगळं आईला वाचून दाखवलं. खिडकीवाल्या काकांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, बारावीच्या त्या रात्री तिकीट मिळालं नसतं तर आपण गाडीत काय बोललो असतो? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मी त्या दिवशी तुला सांगायचं ठरवूनच घरातून निघाले होते, पण उभं राहिल्यावर धीर आला. इतक्या वर्षांनी हे मला आज कळतंय.

शनिवारी दुपारचा प्रयोग आहे. फोनवर अजून सगळे चौकोन राखाडीच. आईला जिना झेपत नाही, म्हणून घडीची खुर्ची घेऊन जातेय, खाली बसेल. लेकीला पण नेतेय.

खिडकीच्या आतून
तीनच्या आत पोहोचा. आईंना खुर्चीवर बसवा, तुम्ही मात्र खिडकी सोडू नका.

तलावपाळी
मी पण येते. सुटे पैसे आणते.

मीठभाकर
मी वडे धरून ठेवते.