‘कशिदा’ की ‘भरतकाम’?

दापोली : कान्होजी आंग्र्यांच्या काळातली कादंबरी लिहितेय. अलिबागजवळच्या वाड्यात नायिका पडवीत बसून कापडावर वेलबुट्टी काढतेय. ‘कशिदा’ लिहू की ‘भरतकाम’?

मालवण : कशिदा. फारसीत ‘कशीदन’ म्हणजे ओढणं, म्हणून कशिदा ‘काढतात’. उर्दूत अक्षर ताणून लांबवतात त्या आडव्या रेघेलाही कशीदाच म्हणतात. ‘भरतकाम’ आलं भरण्यावरून, पण वाचताना शाळेतला हस्तकलेचा तास आठवतो. दसूती, रिंग, साखळीटाका वगैरे.

गुहागर : शब्द ठीक आहे हो, मला प्रसंगच खटकतो. बाई कुलीन आणि सोशिक दाखवायची की लेखक तिच्या हाती सुई देतात. बोटाला टोचली की समजायचं, निरोप्या दारात आला! प्रत्यक्षात जरदोजी, म्हणजे जरीचं भरतकाम, हा कारागिरांचा धंदा. ‘जर’ म्हणजे सोनं आणि ‘दोज’ म्हणजे शिवणारा. मोगलांच्या कारखान्यांत हे काम पुरुष करत. आज मुंबईतही अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून भोवती मांडी घालून बसलेले बहुतेक पुरुषच दिसतील. आपल्याकडे मुलींच्या शाळांत शिवण-भरतकाम आलं ते १९व्या शतकात, मिशनऱ्यांबरोबर. मला वाटतं, तीच सालस विद्यार्थिनी आपण शंभर वर्षं मागे नेऊन वाड्यात बसवतो. कान्होजी गेले १७२९ला.

दापोली : म्हणजे सुई काढूनच घेऊ?

गुहागर : नको, काम बदला. जुनी लुगडी एकावर एक अंथरून कडेपासून आत धावदोरा घालत वाकळ शिवू दे. मध्ये कापड गोळा झालं की टाके उसवायचे, पुन्हा ताणायचं. चिडकी नायिका असेल तर फारच छान.

देवगड : जाता जाता, ‘पैठणीच्या पदरावरचा कशिदा’ कुठे लिहिला असेल तर खोडा. तो मोर मागावर विणलेला असतो, सुईचा संबंध नाही. खणाच्या बुट्ट्याही तशाच. ‘भरजरी’ म्हणजेही भरतकाम नव्हे.

दापोली : लिहिलाय, तिसऱ्या प्रकरणात! आणि नायिकेचा दोरा भडक जांभळा आहे, तो चालेल ना?

देवगड : तसा कृत्रिम रंग १८५६ला निघाला, ताई. मंजिष्ठेचा लाल घ्या, नाहीतर नीळ.