गॅनोडर्माच्या कॅप्सूल आणि काकूंची केमो

मूगभजी:
काकूंना स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, केमोच्या सहापैकी दोन सायकल झाल्या. परवा सोसायटीतल्या एक बाई गॅनोडर्मा नावाच्या अळंबीच्या कॅप्सूलचे दोन डबे ठेवून गेल्या. वर सल्ला, "केमो शरीर पोखरते, हे मुळावर काम करतं. ती थांबवा." काकूंचं मन डळमळलंय. मी डबा खिडकीशी नेऊन बारीक अक्षरं वाचली: हे औषध नाही, कोणत्याही रोगावरील उपचारासाठी नाही. बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "ते नियमामुळे लिहावं लागतं हो!" मला तरी ही शुद्ध फसवणूक वाटते.

रानवाट:
सरसकट फसवणूक म्हणू नका. अळंबीतून काढलेलं क्रेस्टिन जपानमध्ये १९७७ साली आणि शिताके अळंबीतलं लेंटिनान १९८५ साली कर्करोगासाठी मंजूर झालं. तिथले डॉक्टर खुळे होते का? केमोतलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध तर आपल्या दारातल्या सदाफुलीतून आलं. कोकणात फणसाच्या खोडावरचं अळंबं सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या तोंडाला लावतात. कंपनीने काढलं की विज्ञान आणि आजीने उगाळलं की भोंदूगिरी?

मूगभजी:
आजी तोंड आल्यावर लावते, गाठ जिरवायला नाही. क्रेस्टिन वेगळ्याच अळंबीचं, शुद्ध केलेलं आणि केमोच्या जोडीला दिलेलं. केमोऐवजी नव्हे. आता ही दोन्ही औषधं जपानच्या बाजारातूनही गेली. आणि सदाफुली? तिची पानं वाटून कोणी कर्करोगाच्या पेशंटला पाजतं का? व्हिन्क्रिस्टिन शिरेतून देतात, मिलिग्रॅममध्ये मोजून, आणि मात्रा चुकली तर जीव जातो.

रानवाट:
मग गॅनोडर्माचंच घ्या. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था, तिच्या आढाव्यात ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. केमो किंवा रेडिएशनसोबत घेणाऱ्यांना उपचार जास्त लागू पडला, असं त्यात आहे. हे का गाळता?

मूगभजी:
गाळत नाही, पुढचंही वाचतो. नुसत्या गॅनोडर्माने गाठ तशी कमी झालेली दिसली नाही, चाचण्यांचा दर्जाही यथातथा, आणि मुख्य उपचार म्हणून वापरायला पुरेसा पुरावा नाही. तुमचा मुद्दा 'सोबत'चा आहे. बाई 'ऐवजी' विकतायत. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

चिंचगूळ:
आईच्या केमोत आम्ही हीच पावडर कोमट पाण्यातून दिली. दोन घास जास्त जायचे. तुम्ही आकडे घेऊन बसा, आम्हाला माणूस जेवलेलं हवं होतं.

काउंटरमागून:
चिंचगूळताई, आई जेवल्या हे चांगलंच झालं. पण डॉक्टरांना सांगितलं होतंत ना? पंचवीस वर्षं केमिस्टचं दुकान चालवलं म्हणून विचारतो. गॅनोडर्माने रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा केमोने प्लेटलेट उतरल्या असतील तर धोका आणखी. पावडरीने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. 'नैसर्गिक आहे' म्हणून लोक हे डॉक्टरांपासून लपवतात, मग लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की खापर केमोवर.

आणि मूगभजी, १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून डब्यावर ते वाक्य आणि बाकी सगळं चहाच्या कपावर, तोंडी. अमेरिकेतला २०१८ चा येल विद्यापीठाचा अभ्यास काकूंना वाचून दाखवा. बरा होण्याजोगा कर्करोग असून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण त्यात होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका एकूण अडीच पट, स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त.

रानवाट:
त्या अभ्यासात अळंबीचं वेगळं काही नाही, हेही सांगा. बाकी केमो थांबवू नका, हे मीही म्हणेन.

मूगभजी:
आकडा ऐकून काकू गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तिसरी सायकल कधी आहे रे?" डबे पिशवीत घातलेत, गुरुवारी ओपीडीत नेतो. बाईंना म्हटलं, 'केमो थांबवा' एवढं कागदावर लिहून सही करा. त्यांनी डब्यांच्या पैशांचा विषय काढला.

रानवाट:
डॉक्टर 'बंद करा' म्हणाले तरी इथे लिहा, आणि 'चालेल' म्हणाले तरी लिहा. तेव्हा मात्र गाळू नका.